कारखानीस काका समाचाराला येतात

आमच्या मुलुंड पूर्वेच्या आनंदछाया सोसायटीत कोणी आजारी पडलं की घरच्यांना दोन काळज्या लागतात. पेशंट बरा होईल ना, ही एक. आणि कारखानीस काकांना कळलं तर नाही ना, ही दुसरी. पहिलीचं उत्तर डॉक्टर देतात. दुसरीचं उत्तर द्यायला काका स्वतःच दारात उभे असतात.

नंदकुमार कारखानीस म्हणजे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. पण मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यातल्या हॉस्पिटलांची त्यांच्याइतकी माहिती असलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी व्यवसायाने नर्स आहे. ही सगळी माहिती त्यांनी दुसऱ्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मिळवली आहे.

मी अक्षता घाडीगावकर. काकांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि दोन गल्ल्या पलीकडच्या जानकी नर्सिंग होममध्ये नोकरी करते. त्यामुळे काका मला दोन्हीकडे भेटतात. जिन्यात शेजारी म्हणून आणि वॉर्डात संकट म्हणून.

समाचाराला जायची एक पद्धत असते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचे पुडे घ्यायचे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून सलाईनच्या बाटलीकडे बघत सुस्कारा सोडायचा. "काय हे होऊन बसलं!" म्हणायचं. मग "डॉक्टर काय म्हणतात?" असं विचारायचं आणि डॉक्टर जे काही म्हणत असतील त्यावर मान हलवायची. काका हे सगळं करतातच, पण त्याआधी पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे का ते बघतात, संडासाचा नळ सोडून बघतात, कँटीनचा चहा मागवून पितात. एवढी तपासणी झाली की पेशंटच्या मुलाला किंवा नवऱ्याला खांद्याला धरून बाहेर पॅसेजमध्ये नेतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "माझं ऐक. हलव ह्यांना इथून."

हलवायचं कुठे, हेही तयार असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या लवू तावड्यांचं साधं हर्नियाचं ऑपरेशन होतं. लवूकाका मूळचे मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर कुरिअरच्या ऑफिसात लागलेले, कोणाला नाही म्हणता न येणारे. काकांनी त्यांना भांडुपहून ठाण्याला हलवलं, ठाण्याहून घाटकोपरला, आणि शेवटी ऑपरेशन झालं ते भांडुपच्याच पहिल्या डॉक्टरच्या हातून. लवूकाका अजून सगळ्यांना सांगतात, "हर्निया परवडलो, पण अँब्युलन्सात बसान बसान माजी कंबर गेली."

अलीकडे काका इंटरनेटवर हॉस्पिटलांना तारेही वाटतात. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉबीत कारंजं आहे आणि लिफ्टमधली बाई गोड आवाजात मजल्याचा नंबर सांगते. तिथे काकांच्या बहिणीचे दीर वारले. काकांनी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "व्यवस्था उत्तम. बॉडीसुद्धा वेळेवर ताब्यात दिली." आमच्या जानकीला एक तारा. "पंखा आवाज करतो. सिस्टर उर्मट आहे. पेशंटला उपाशी ठेवतात." ती उर्मट सिस्टर म्हणजे मी. पंखाही खरंच आवाज करतो, ते मी मान्य करते.

त्या एका ताऱ्याने आमचे डॉक्टर केयूर दिघे आठवडाभर धुसफुसत होते. जानकी हे त्यांच्या आजीचं नाव, त्यामुळे तारा थेट आजीलाच लागल्यासारखा झाला होता. "आपल्याकडे टाके पिकत नाहीत यार," ते मला म्हणाले, "त्याला कोण तारे देतो? झालं नाही ते कोणाला दिसतच नाही ना." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण पेशंटची बाजूही मला माहीत आहे. पेशंटला हवं असतं की डॉक्टरने पोटाला हात लावावा, दोन वाक्यं सरळ बोलावीत आणि एखादी सलाईन लावावी. सलाईन लागली की घरच्यांच्या जिवात जीव येतो, मग त्यात नुसतं मिठाचं पाणी का असेना. आमच्या आयाबाई मालन मावशींचा हिशोब आणखी निराळा. "ज्याला नातेवाईक कमी, तो पेशंट लवकर बरा," असं त्या पॅसेज पुसताना मोठ्याने म्हणतात, नातेवाईकांना ऐकू जाईल अशा बेताने.

काकांच्या ह्या सगळ्या फिरतीत शुभाकाकू कुठेच दिसायच्या नाहीत. काकू शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर झालेल्या. काका समाचाराला निघाले की त्यांच्या हातात स्टीलचा डबा असायचा. मऊ भात, मेतकूट, कधी मुगाचं कढण. तो डबा काकू करायच्या. पेशंट काकांना आशीर्वाद द्यायचे आणि डबा परत आला की काकू तो घासून पालथा घालायच्या.

गणपतीच्या सुमारास मला काकू जिन्यात बसलेल्या दिसायला लागल्या. उजवी बाजू हाताने दाबून धरलेली. एकदा मी म्हटलं, "काकू, सोनोग्राफी करून घ्या. मी येते बरोबर."

"ह्यांना बोलू नकोस हं," त्या म्हणाल्या. "कळलं तर अख्ख्या मुंबईभर फिरवतील मला."

"तुम्ही सांगितलंच नाही त्यांना?"

"सांगितलं होतं की एकदा. म्हणाले, ॲसिडिटी आहे, ओवा खा. आणि निघून गेले बोरिवलीला, कोणाची तरी बायपास बघायला."

दिवाळीच्या आधी एका सकाळी माझा फोन वाजला. काकू होत्या. ताप होता, उलट्या थांबत नव्हत्या आणि बोलताना मध्येच श्वास तुटत होता. काका गोरेगावला गेले होते, टेलिफोन खात्यातल्या जुन्या मित्राचा गुडघा बदलला होता म्हणून. मी काकूंना रिक्षात घातलं आणि सरळ जानकीत आणलं. सगळ्यांत जवळचं तेच होतं आणि मला विचार करायला वेळ नव्हता.

डॉक्टर केयूरनी काकूंच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तसा काकूंचा श्वास मध्येच अडकला. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, आणि पित्ताशय सुजून ताठ झालेलं. डॉक्टरांनी पलंगाच्या कडेला बसून सांगितलं, "काकू, हे काढून टाकायचं. आज औषधं देऊन ताप खाली आणतो, उद्या सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन करतो. उद्याच्या पुढे नाही ढकलायचं. आतल्या आत सडलं किंवा फुटलं तर अवघड होईल." काकूंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे, आणि मग "चालेल" म्हणाल्या.

दुपारी काका गोरेगावहून आले. दारात थांबले. आधी वर पंख्याकडे बघितलं. मला वाटलं, हातातला ट्रे मारावा.

"शुभा, तुला इथे कोणी आणलं?"

"मी आणलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की एक ताराही आता परत घेतील. मग डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठलं. "डॉक्टर, एक बोलू? राग येणार नाही ना तुम्हाला?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "पण बोला."

तरी ते दुपारचं प्रकरण सौम्य म्हणायला हवं. खरी मजा संध्याकाळी, भेटायच्या वेळेत झाली. इतकी वर्षं काका ज्यांच्या ज्यांच्या समाचाराला गेले होते ते सगळे परतफेड करायला आले. जिन्यापासून रांग. शहाळी इतकी जमली की मालन मावशींनी ती पलंगाखाली रचली. आणि प्रत्येकजण पायथ्याशी उभा राहून सुस्कारा सोडून झाला की काकांना खांद्याला धरून बाहेर नेत होता. एक म्हणाले, ठाण्याला हलवा. दुसऱ्या म्हणाल्या, ठाण्याला चुकूनही नको, आमच्या वहिनीची काय वाट लागली विचारा, पवईला न्या. तिसऱ्यांच्या मते पित्ताशयाला होमिओपॅथी. लवूकाका आले, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर येऊन काकांना म्हणाले, "नंदा, हय कित्याक आणलंस तिका? हलव." ते मनापासून म्हणाले की जुना हिशोब चुकता केला, ते मला अजून कळलेलं नाही. चेहऱ्यावर तर फार काळजी होती.

काकांना घाम फुटला. सल्ला द्यायची सवय असलेल्या माणसाला एवढे सल्ले एकदम मिळाल्यावर त्यांचं काय करायचं ते कळेना. शेवटी त्यांनी कारंज्यावाल्या हॉस्पिटलला फोन लावला आणि अँब्युलन्स मागवली. कोणाला न विचारता. डॉक्टर ओपीडीत होते. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं वर आली तेव्हा काकू डोळे मिटून पडल्या होत्या.

"कोणाला न्यायचंय?" काकूंनी विचारलं.

"तुला," काका म्हणाले. "सगळं बोललोय मी. डीलक्स रूम आहे, खिडकीतून डोंगर दिसतो."

"मी नाही जायची."

"शुभा, हट्ट करू नकोस. हे असलं ठिकाण..."

"अहो, तुम्हाला आवडतं ना ते हॉस्पिटल? मग तुम्ही जाऊन या. गाडी आलीच आहे."

स्ट्रेचरवाला हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. काकूंनी उठून बसायचा प्रयत्न केला. मी हात दिला. "इथे डॉक्टर माझ्याशी बोलला," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी नाही, माझ्याशी. काय झालंय, काय करणार, उशीर झाला तर काय होईल, सगळं मला सांगितलं. मला उद्या सकाळी ऑपरेशन करून मोकळं व्हायचंय. पंख्याचा आवाज मी सोसेन." एवढं बोलून त्या दमल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. अँब्युलन्सवाले रिकामे गेले. रिकामे म्हणजे, मालन मावशींनी त्यांच्या हातात चार शहाळी कोंबली.

ड्यूटी संपायच्या आधी मी काकूंच्या पलंगाला पाटी लावली, "तोंडाने काही द्यायचं नाही." दोघांनाही समजावलं. काकांना तर मुद्दाम पुन्हा सांगितलं, की भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, त्यात माणूस दगावतो, म्हणून आत्तापासून पाण्याचा घोटही नाही. काकांनी मान हलवली. ती मान मी ओळखायला हवी होती म्हणा, पण डॉक्टर काही सांगतात तेव्हा सगळेच नातेवाईक तशीच हलवतात.

सकाळी मी आले तेव्हा ऑपरेशन थिएटर तयार होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर सुहासिनी आलेल्या होत्या. आमच्यासारख्या छोट्या नर्सिंग होमांना स्वतःचे भूलतज्ज्ञ परवडत नाहीत. सुहासिनी मॅडम सकाळपासून बॅग घेऊन इथून तिथे फिरत असतात, मुलुंडची केस झाली की भांडुप, भांडुपहून घाटकोपर. त्यांची वेळ चुकली की सगळ्यांचीच चुकते. त्यांनी काकूंची नाडी बघितली, चष्मा वर केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

काकू बोलायच्या आत काका पुढे सरसावले. "तेच सांगायचं होतं मला, मॅडम. तुमच्या लोकांनी रात्रीपासून हिला पाण्याचा घोट दिलेला नाही. शेवटी मीच घरून चहा आणि खारी घेऊन आलो. आत्ताच खाल्लंय हिने. नाहीतर उपाशीपोटी एवढं मोठं ऑपरेशन झेपलं असतं का हिला?"

आणि त्यांनी अभिमानाने थर्मास वर करून दाखवला.

सुहासिनी मॅडमनी बॅग बंद केली. "आता दुपारपर्यंत तरी मी हात लावणार नाही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आणि दुपारी माझ्या घाटकोपरला दोन केसेस आहेत. त्या संपल्या की येते. मध्ये बिघडलं तर फोन कर, मग धोका पत्करून बघू." डॉक्टर केयूर जे बोलले ते आजीच्या नावाच्या नर्सिंग होममध्ये शोभण्यासारखं नव्हतं. दुसरी भूलतज्ज्ञ मिळवायला त्यांनी चार फोन केले. पण पोट भरलेलं असताना दुसरी तरी काय करणार होती?

मी काकांना पॅसेजमध्ये घेतलं. खांद्याला धरूनच. "काका, तुम्ही एवढ्या हॉस्पिटलांना तारे वाटलेत. उपाशी का ठेवतात ते काल मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

"अगं, सांगितलंस. पण मला वाटलं तुम्ही लोक जरा जास्तच... नियम म्हणून सांगता. एवढासा चहा..." ते थर्मासचं झाकण उघडत आणि लावत होते. "ताकद नको का तिला?"

"त्या आजच्या पुढे थांबू शकत नाहीत हेही सांगितलं होतं. तुम्ही त्यांचे तास खाल्लेत, काका."

मला त्यांची अजिबात दया आली नाही. खोटं कशाला सांगू? थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटत होती.

मग मी आत आले आणि उरलेला राग काकूंवर काढला. "तुम्ही तरी काकू! पाटी वाचता येत नाही का तुम्हाला? आयुष्यभर पोरांना गणितं शिकवलीत ना?"

"येते की वाचता."

"मग का प्यायलात?"

काकू छताकडे बघत राहिल्या. पंखा कुरकुरत होता. "ह्यांनी स्वतः केला होता गं चहा," त्या म्हणाल्या.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. साखर कुठल्या डब्यात आहे ते शोधायला सगळे डबे उघडले म्हणे. आलं किसायचं असतं हेही माहीत नाही, तुकडाच टाकला होता आख्खा. पत्ती उकळून उकळून कडू झालेली. घशाखाली जाईना असा चहा." त्यांनी माझा हात धरला. "समोर बसून राहिले, कसा झालाय म्हणून. कशी नाही म्हणू मी?"

"काकू, जिवावर बेतलं असतं. अजूनही बेतू शकतं."

"कळतं ना मला. पण तो गार होत होता."

मी जाऊन त्यांचा ताप बघितला. चढायला लागला होता.

दुपारपर्यंत ताप आणखी वाढला. काकूंचं पोट दगडासारखं झालं, हात लावू देईनात. डॉक्टर केयूर ओपीडी अर्धवट टाकून पुन्हा पुन्हा वर येत होते. सुहासिनी मॅडमना त्यांनी फोन केला तेव्हा त्या घाटकोपरला ऑपरेशनच्या मध्यावर होत्या, सोडून येणं शक्य नव्हतं. आम्ही औषधं वाढवली, सलाईन चालू ठेवली आणि वाट बघत बसलो. एवढंच आमच्या हातात होतं.

काका वॉर्डाच्या दारात उभे होते. सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. कालचे सगळे समाचारवाले पुन्हा यायला लागले तेव्हा काकांनी दारात आडवा हात धरला. "कोणी आत जायचं नाही."

"अहो कारखानीस, दोन मिनिटं फक्त..."

"नाही म्हणजे नाही. घरी जा."

लवूकाका शहाळं घेऊन आले, त्यांनाही तेच. "तू सगळ्यांकडे जातंस आणि आता आमका दार बंद?" लवूकाका म्हणाले. काकांनी त्यांना हात जोडले. खरोखर हात जोडले. लवूकाकांनी शहाळं भिंतीशी ठेवलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. नंतर काकाही त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मालन मावशी त्यांच्या पायांमधून पोछा फिरवत गेल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ह्या माणसाने आज पहिल्यांदा माझं काम हलकं केलं बाई."

उन्हं उतरली तेव्हा सुहासिनी मॅडम धापा टाकत आल्या. रिक्षा मिळाली नव्हती, स्टेशनवरून चालत आल्या होत्या. काकूंना आत घेतलं. दुर्बिणीने सुरुवात केली, पण आत काहीच नीट दिसत नव्हतं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. डॉक्टर केयूरनी दुर्बीण काढून ठेवली आणि सुरी मागितली. पित्ताशय बाहेर आलं ते काळंनिळं पडलेलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर फुटलंच असतं. मी कित्येक ऑपरेशनांना उभी राहिले आहे, पण त्या दिवशी मास्कच्या आत देवाचं नाव घेत होते.

काकू वाचल्या. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, घाम पुसला. काका उभे राहिले.

"ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण दुर्बिणीतून नाही जमलं. पोट उघडावं लागलं. जखम मोठी आहे, दुखेल, आणि जास्त दिवस राहावं लागेल."

"सकाळी केलं असतं तर?" काकांनी विचारलं.

दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता, तसं काही नाही हो, कधीकधी होतं असं. मलाही वाटलं की तसं म्हणावं. डॉक्टर केयूरनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग काकांकडे.

"सकाळी बहुतेक चार छोट्या भोकांत भागलं असतं."

काका परत पायरीवर बसले. लवूकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सकाळचा माझा राग तिथे कुठेतरी संपला. त्या माणसाला आयुष्यभराच्या फिरतीची शिक्षा एका वाक्यात झाली होती आणि ते वाक्य खरं होतं. मी खाली जाऊन त्यांच्यासाठी टपरीवरून चहा आणला. त्यांनी कपाकडे बघितलं आणि हातानेच नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नीट शुद्धीवर आल्या. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. बरगडीखाली तिरपी, वीतभर पट्टी. मी वेदना थांबवायचं इंजेक्शन भरून आत आले तेव्हा काका स्टुलावर बसले होते. शर्ट कालचाच होता, चुरगळलेला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

ते म्हणाले, "शुभा, दुखतंय का गं?"

काकूंच्या वयाच्या बायका ह्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते मला पाठ आहे. पोटावर टाके असोत नाहीतर पायात सळई, त्या म्हणतात, "नाही हो, काही विशेष नाही." आणि वर विचारतात, तुम्ही जेवलात का? मी तेच ऐकायच्या तयारीने सलाईनची नळी हातात घेतली.

"दुखतंय," काकू म्हणाल्या. "खूप दुखतंय. खोकला आला की जीव जातो."

काकांनी स्टूल पुढे ओढलं. ते आता एखाद्या मोठ्या डॉक्टरचं नाव घेतील असं मला वाटलं. त्यांनी कोणाचंच घेतलं नाही.

"आणि हे काही कालचं नाही," काकू थांबत थांबत बोलत होत्या. "गणपतीच्या आधीपासूनचं. मोदकांची उकड काढताना कळ आली, तशी ओट्याला धरून उभी राहिले मी. बाहेर तुम्ही कोणाशी तरी फोनवर बोलत होतात. दळण आणताना जिन्यात बसायचे. मग तुमचा डबा करायचे."

"मग?" काका म्हणाले.

मी इंजेक्शन नळीला लावायला पुढे झाले. काकूंनी मोकळा हात वर करून मला थांबवलं.

"अक्षता, जरा थांब गं. ते दिलंस की मला झोप लागते. अजून माझं सांगून व्हायचंय."